देठासकट भोपळा

नोव्हाय, मिशिगन
६ सप्टेंबर १९९७

प्रिय नेत्रा,

ऑफिसच्या ई-मेलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला गेलं की ‘काल’ आणि ‘कळ’ एकच दिसतं, म्हणून हातानं लिहितेय. अक्षर सहन कर.

क्लबच्या स्पर्धेसाठी गाणं रेकॉर्ड केलं एकदाचं! कॅसेट सोबत आहे. बेसमेंटमध्ये ड्रायर बंद केला, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि गायले. युरोपातल्या देशांची ती गाण्यांची स्पर्धा, युरोव्हिजन, तिच्या टेपा बघून बघून वेडे झालेले आपण लोक जगभर पसरलोय आणि दर वर्षी पोस्टानं आपलीच एक छोटी युरोव्हिजन भरवतो, हे इथे ऑफिसात सांगायला गेले तर म्हणतात, “नीटा, यू आर सो फनी.” नीटा म्हणजे मी. प्रणिता त्यांना झेपत नाही. गाणं त्यावरच आहे:

तीन अक्षरांचं नाव माझं, जिभेवर त्यांच्या बसेना,
हाक ऐकून वळले तरी, मीच मला दिसेना.

घरात बोलली जाते ती भाषा चालते, असा नियम आहे ना? मग अमेरिकेतर्फे मराठी. खाजवू देत क्लबच्या ब्रसेल्स ऑफिसवाल्यांना डोकं.

पहिली आले तर एप्रिलच्या मेळाव्यात ब्रसेल्सला स्टेजवर गायला मिळेल. ते मला हवंच आहे. पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी आहे. सुभाषकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. नागपुरात त्यांची गायन पार्टी होती, भीमजयंतीला त्यांच्याशिवाय स्टेज हलायचं नाही. मी फ्रॉकात होते तेव्हापासून त्यांच्यामागे कोरसला. त्यांनी मला आयुष्यात एकदाही ‘छान’ म्हटलेलं नाही. गाणं संपलं की दोनच शब्द, “पुढचं घे.” चांगलं झालं म्हणून पुढचं, की वाईट झालं म्हणून, कोण जाणे.

काका सध्या एडिसनला मुलाकडे, राकेशदादाकडे आलेत, जानेवारीत परत जातील. भारताची ज्युरी रिकामीच आहे, तर त्यांना बसवूया का? गाणं माझं आहे हे सांगायचं नाही. काका खोटं बोलत नाहीत, पण समोर बसलं की बोलतच नाहीत. कागदावर तरी आकडा लिहावा लागेल. मला तो आकडा हवाय, यार. बारा आले तर रडेन. चार आले तर चार, निदान कळेल तरी.

तुझी,
प्रणिता

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय नीटा (नीट लिही ना जरा, अर्धं वाचता आलं नाही),

गाणं मस्त झालंय. पण तू वेडी आहेस का? मराठी गाणं, अमेरिकेतून आलेलं, ज्युरीत तुझा सख्खा काका, आणि तो ओळखणार नाही?

ब्रसेल्सला विचारलं. त्यांचं उत्तर वाचून माझंच डोकं फिरलं. गाणं राहत्या देशातर्फे, ज्युरी पासपोर्टच्या देशाची. म्हणजे तुझाही पासपोर्ट भारताचा, काकांचाही भारताचा, पण तू अमेरिका आणि ते भारत. दोघं एका टेबलावर जेवायला बसलात तरी. असो, ते चालतात. पाच जण हवेत, सगळे भारतीय पासपोर्टवाले. गाणी चौदा. नेहमीसारखे बारा, दहा, मग आठपासून एकपर्यंत गुण. उरलेल्या चार गाण्यांना शून्य. स्वतःच्या देशाला मत नाही. सेक्रेटरी मी असल्यामुळे मतं माझ्याकडेच येतील.

बघ बाई. आकडा मागून घेतेस, मग मला फोन करून रडायचं नाही.

नेत्रा

नोव्हाय
२१ सप्टेंबर १९९७

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

फोनवर तुम्हाला ‘हॅलो’च्या पुढे काही सुचत नाही, म्हणून पत्र. एक काम आहे, नाही म्हणू नका. आमचा गाण्यांच्या शौकिनांचा एक क्लब आहे. निरनिराळ्या देशांतले हौशी लोक गाणी करून पाठवतात आणि दुसऱ्या देशांचे परीक्षक गुण देतात. भारताकडून परीक्षकच नाहीत. तुमच्याहून जाणकार मी कुठून आणू? आणखी चार जण तिथलेच जमवा, राकेशदादाच्या कॉलनीत कितीतरी आईवडील आलेले आहेत.

सोबत कॅसेट आहे. गुण कसे देतात हे कळावं म्हणून खऱ्या युरोव्हिजनची व्हिडिओ टेपही पाठवतेय. ती आधी बघा. बाकी सगळं कागदावर लिहिलंय. ओळखीचा-अनोळखीचा विचार न करता, कानाला पटेल तसे गुण द्या.

शीलावहिनींना आणि दीक्षाला माझी आठवण सांगा.

तुमची,
प्रणिता

एडिसन, न्यू जर्सी
२ ऑक्टोबर १९९७

चि. प्रणिता हिस,
सप्रेम जय भीम.

पत्रास कारण की, तुझं पार्सल मिळालं आणि माझी झोप उडाली. अगं पोरी, मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढला, पण असलं गुंतागुंतीचं पार्सल कधी सोडवलं नाही.

आधी व्हिडिओ लावला. पडद्यावर करड्या पट्ट्या वरून खाली धावून राहिल्या, त्यामागे एक बाई अर्धी अर्धी दिसते. मला वाटलं, युरोपची मॉडर्न कला असेल. आम्ही पाचही जण मुकाट्यानं बघत बसलो. कांचनकाकू (पुण्याच्या, शेजारच्या शशिकांतची आई) म्हणाल्या, “प्रकाशयोजना चांगली आहे हो.” शेवटी दीक्षा शाळेतून आली आणि “आजोबा, इट्स द राँग काइंड ऑफ टेप!” म्हणत पोट धरून हसली. युरोपची टेप इथल्या मशिनवर चालत नाही म्हणे. हे तुला माहीत नव्हतं?

कॅसेट मात्र चालली. आता माझ्या शंका लिहितो.

बारा आहेत, दहा आहेत. अकरा आणि नऊ कुठं गेले? आमच्या ज्युरीतले एकनाथराव बँकेतून रिटायर झालेले आहेत. त्यांना हा हिशेब पटत नाही, ते रोज विचारतात.

दुसरं, ह्याला मुकाबला कसं म्हणायचं? आपल्याकडं एका पार्टीनं सवाल टाकला की दुसरी पार्टी उभी राहून जवाब द्यायची. ज्या गाण्याला जवाब द्यावासा वाटत नाही ते गाणं पडलं, असा साधा हिशेब. इथं चौदा जण चौदा दिशांना तोंड करून गातात आणि कुणी कुणाला जवाबच देत नाही. मग जिंकलं कोण आणि कुणावर?

तिसरी शंका मोठी आहे. कागदावर लिहिलंय, स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. कबूल. पण आपला देश कोणता? मी बसलोय अमेरिकेत, पासपोर्ट भारताचा. सहा नंबरवर इंग्लंडतर्फे एक पोरगा पंजाबीत गातो, तो माझा की इंग्लंडचा? सात नंबरचं गाणं अमेरिकेतर्फे आहे. तेही ऐकलं. मी फार गोंधळून राहिलोय. नीट खुलासा कळव, तोवर मी पेन हातात घेत नाही.

तुझा काका,
सुभाष

नोव्हाय
८ ऑक्टोबर १९९७

आदरणीय काका,
जय भीम.

अय्यो, टेपचं खरंच लक्षात राहिलं नाही! सॉरी. पट्ट्यांना तुम्ही गुण दिले नाहीत ना?

अकरा आणि नऊ कुठं गेले ते जगात कुणालाच माहीत नाही. एकनाथकाकांना सांगा, बँक हॉलिडे.

देशाचं एवढं डोक्याला लावून घेऊ नका हो. पासपोर्ट-बिसपोर्ट सोडा. सोपं सांगते: जे आपलं आहे त्याला मत द्यायचं नाही, बस. बाकी सगळे मोकळे. सहावं बिनधास्त मोकळं आहे, सातवंही.

ऑफिसला निघालेय, म्हणून घाईत लिहिलं. महिनाअखेरपर्यंत नेत्राकडे मतं पोचायला हवीत.

तुमची,
प्रणिता

एडिसन
२७ ऑक्टोबर १९९७

चि. प्रणिता हिस,
सप्रेम जय भीम.

तुझा खुलासा मिळाला. दोन वेळा वाचला. मग ज्युरीला वाचून दाखवला. फार नेमकं लिहिलंस. माझ्या मनातली गाठ सुटली आणि आज मतं टपालात टाकली.

भांडणं खूप झाली. कांचनकाकू दोन दिवस बोलल्या नाहीत. पण मी नियमाला धरून राहिलो. फिनलंडचा माणूस पेटी पोटावर बांधून वाजवतो, त्याचा हात फार गोड, त्याला बारा दिले. सहा नंबरच्या पोराला दहा. सात नंबरबद्दल मी काही लिहीत नाही आणि तूही विचारू नको. जे करायचं ते केलं.

इथं सगळ्यांच्या दारात भोपळे मांडून ठेवलेत. एवढाले भोपळे, आणि कुणी भाजी करत नाही! शीलानं एक कोरला. देठ धरून वरचं झाकण उचलायचं नि आत दिवा ठेवायचा. मी गर काढून ठेवला आणि त्याचे घारगे करायला लावले.

तब्येत सांभाळ. थंडीत कानाला बांधत जा, गळा जपायला पाहिजे.

तुझा काका,
सुभाष

बेलव्ह्यू
११ नोव्हेंबर १९९७

प्रिय प्रणिता,

फोन तीनदा उचलला आणि ठेवला. लिहिणंच बरं.

निकाल आला. तू दुसरी आलीस. जपाननं तुला बारा दिले, पोर्तुगालनं बारा दिले, त्यांना एक शब्द कळत नसताना. फिनलंड फक्त पाच गुणांनी पुढे गेलं.

आता वाईट सांगते. भारताच्या ज्युरीनं फिनलंडला बारा दिले आणि तुला शून्य. साधं शून्यही नाही गं. बाकी तीन शून्यं गोल आहेत, तुझ्या आकड्यासमोर अक्षरशः भोपळा काढलाय, वर देठ वगैरे. ब्रसेल्सवाल्यांनी मला विचारलं, हे शून्य आहे की सहा? मी काय सांगणार? मला वाटलं पेन घसरलं असेल, म्हणून भिंगातून बघितलं. घसरलेलं नाही. नीट काढलाय.

मला ह्यातलं काहीच कळत नाहीये. त्यांना गाणं इतकं का आवडलं नसेल? एकदा विचार त्यांना. की नको विचारू?

नेत्रा

नोव्हाय
१६ नोव्हेंबर १९९७

काका,

सातवं गाणं माझं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण मला तुमचा खरा आकडा हवा होता. मिळाला.

तुम्ही दोन गुण दिले असते, एक दिला असता, तरी मी गप्प बसले असते. पण शून्य? आणि वर भोपळ्याचं चित्र? माझी एवढी चेष्टा करावीशी वाटली? लहानपणी पट्टी सोडली की तुम्ही नुसतं बघायचात, ते परवडलं.

पहिली आले असते तर एप्रिलमध्ये ब्रसेल्सला स्टेजवर गाणार होते. पाच गुणांनी गेलं. ते जाऊ दे. जपानमधल्या कुणा अनोळखी बाईला माझं गाणं पोचलं आणि ज्यांच्यामागे उभी राहून मी गायला शिकले त्यांना पोचलं नाही. ह्याचं मी काय करू ते मला कळत नाही.

ख्रिसमसला एडिसनला येणार होते, बहुतेक जमणार नाही. राकेशदादाला कळवते.

प्रणिता

एडिसन
३ डिसेंबर १९९७

चि. प्रणिता हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी मला तुझं पत्रच कळलं नाही. ‘सातवं गाणं माझं होतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं’ म्हणजे काय? अगं, हे सांगायची गोष्ट आहे का? तुझं नाही तर कुणाचं? ‘तीन अक्षरांचं’ म्हणायच्या आधी तू श्वास घेतलास ना, तेव्हाच मी कांचनकाकूंना म्हणालो, ही आमची पोरगी. तसा श्वास आमच्या पार्टीतच घ्यायचे, ढोलकीच्या थापेआड, ऐकू येऊ नये म्हणून. तुझ्या बेसमेंटात ढोलकी नव्हती, म्हणून ऐकू आला.

मला वाटलं, तू माझी परीक्षा पाहून राहिलीस. काका नियमाला पक्का आहे की पुतणीचं गाणं आलं की घसरतो? म्हणून तर देशाची शंका विचारली, सात नंबरचं नाव घेऊन विचारली. तू काय लिहिलंस? ‘जे आपलं आहे त्याला मत द्यायचं नाही, बस.’ तुझ्याच हातचं आहे. ‘सातवंही मोकळं’ असं पुढं लिहिलंस, मला वाटलं हा तुझा डाव आहे, मला मोहात पाडायचा. आता तूच सांग, तुझ्याहून आपलं असं त्या कॅसेटवर दुसरं काय होतं? फिनलंड?

चार जण माझ्या विरुद्ध होते. कांचनकाकू तुला बारा द्यायला निघालेल्या. म्हणाल्या, “अहो, माझ्या नातवाच्या शाळेत मला कॅचन म्हणतात, मला हे गाणं पाठ झालंय!” मी म्हटलं, ती माझी आहे, म्हणजे ज्युरीची झाली, आणि ज्युरीचं आपलं असेल त्याला मत नाही. एकनाथरावांनी नियम वाचला आणि तेही नाइलाजानं माझ्या बाजूनं आले. ज्युरीतल्या उरलेल्या दोघी, गुजराती बहिणी, रुसल्या. बाकी तीन गाण्यांना शून्य सहज दिलं. तुझ्या आकड्यापाशी आलो आणि पेन खाली ठेवलं. त्यांच्या ओळीत तुला गोल शून्य कसं लिहू? ती गाणी पडली होती. तुझं पडलं नव्हतं. म्हणून देठ काढला. दारातल्या भोपळ्यासारखा विकत आणून मांडलेला नाही, आपल्या वेलीचा आहे, एवढं कळावं म्हणून. कुणाला कळावं, ते मलाच माहीत नाही. चेष्टा म्हणतेस! मी आयुष्यात भोपळ्याचं चित्र इतकं मन लावून काढलं नव्हतं.

ब्रसेल्सचं मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस. वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. मतं बदलता येतील का म्हणून राकेशला नेत्राबाईंना फोन करायला लावला. त्या म्हणाल्या, निकाल लागला, काका, आता काही होत नाही. आधी कळलं असतं तर बारा दिले असते का, असं मी मला रोज विचारतो. सकाळी वाटतं, दिले असते. दुपारी वाटतं, नसते दिले. अजून ठरत नाही. तू रागावलीस ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो.

‘छान’ म्हणायचं मला जमत नाही, बेटा. तोंडात येतं आणि तिथंच बसतं. आमच्या पार्टीत वाईट गायलेल्याला मी “बस खाली” म्हणायचो. “पुढचं घे” मी फक्त तुलाच म्हणायचो. कोरसमधल्या पोरांना विचार, ती अजून त्यावरून मला बोलतात.

सोबत एक कॅसेट आहे. गुण देणं हे काही आपलं काम नाही. जवाब देणं आपलं काम. पाचही जणांनी मिळून दिला आहे. राकेशच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केला, ढोलकीच्या जागी पत्र्याचा डबा मी वाजवला. कांचनकाकूंचा सूर वर जातो, आणि एकनाथराव मध्येच थांबून मोजतात, तिकडं दुर्लक्ष कर.

वळू नको तू कुणाकडे, हाक आमची येऊ दे,
तीन अक्षरं आम्ही घेतो, त्यांना दोनच घेऊ दे.

जानेवारीच्या पाच तारखेचं माझं विमान आहे.

तुझा काका,
सुभाष

नोव्हाय
११ डिसेंबर १९९७

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

कॅसेट मिळाली. गाडीत लावली आणि ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये बसूनच राहिले. मीटिंगला उशीर झाला. मॅनेजर म्हणाला, “एव्हरीथिंग ओके, नीटा?” मी त्याला म्हटलं, प्र-णि-ता, म्हणून बघ. बिचाऱ्यानं चार वेळा प्रयत्न केला. ‘णि’पाशी अडकतो, पण तिसरं अक्षर येतं आता.

ब्रसेल्सचं वाईट वाटतंय अजून, खोटं कशाला बोलू. आणि तो नियम मीच तसा लिहिला, ऑफिसला जायच्या घाईत, ह्याचं हसू येतं आणि मग रडू येतं. कुठलं आधी येतं ते कळत नाही. नेत्राला फोन करून सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे ते शून्य सगळ्यात मोठं होतं? थांब, मला परत सांग.” परत सांगितलं. मग दोघीही रडलो.

तेवीस तारखेला एडिसनला येतेय. डबा ठेवा बाजूला, मी कीबोर्ड आणतेय. कांचनकाकूंना सांगा, वरचा सूर मी घेईन.

तुमचा जवाब मी नीट ऐकला. पुष्कळदा ऐकला. डबा अर्ध्या मात्रेनं पुढे पळतो, कडव्यात एकनाथकाका खरंच मोजतात, आणि ‘आमची येऊ दे’ला तुमचा आवाज फाटतो. मी ज्युरी म्हणून बसले. गुण द्यायला पेनही घेतलं. पण नियम तुम्हाला जो, तोच मला. आपलं आहे त्याला मत नाही.

म्हणून तुम्हालाही भोपळा, काका. देठासकट.

पुढचं घ्या.

तुमची,
प्रणिता